येतो म्हण, गोपू

बालाघाटला आमच्या सरकारी क्वार्टरची मागची पायरी पश्चिमेकडे होती, आणि आमच्या खेळाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. त्या व्हिडिओ गेमला स्वतःचा उजेड नव्हता. राखाडी काचेवर काळ्या आकृत्या, बस्स. दिवस आहे तोवर खेळायचं, नाही तर डोळे फोडून घ्यायचे. म्हणून शाळेतून आलं की मी आणि गोपू त्या पायरीवर चिकटून बसायचो, आणि सूर्य राईस मिलच्या चिमणीमागे गेला की आमचा खेळ आपोआप बंद व्हायचा. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे दयेने बघतात. बघोत बापडी.

गेम आणला होता गुणाकरकाकांनी. काका तिरोडीला मँगनीजच्या खाणीत इंजिनियर. १९८६ साली त्यांना कामासाठी जपानला जायला मिळालं, आणि येताना त्यांनी आईला साडी, बाबांना दाढीचं मशीन आणि आम्हा दोघांत मिळून तळहाताएवढं हे यंत्र आणलं. मी सहावीत होते, गोपू पहिलीत. कागदोपत्री तो गोपाळकृष्ण, पण एवढं लांबलचक नाव त्याला अजून लिहिता येत नव्हतं. मला सगळे सुनीती म्हणत, तो नुसतं ताई.

सोबतचं माहितीचं पुस्तक जपानीत. काकांनाही वाचता येईना. त्यामुळे खेळ नक्की काय आहे, हे आमचं आम्हीच ठरवलं. डावीकडे एक कडा, त्याच्यावर माणसांची रांग. मध्ये पाणी, पाण्यात नाव. उजवीकडे पलीकडचा काठ आणि एक झाड. कड्यावरून माणूस उडी मारायचा, आपण नाव मागेपुढे करून त्याला झेलायचं आणि पलीकडे पोचवायचं. नाव चुकली की माणूस पाण्यात, टूंऽऽ असा रडका आवाज, आणि रांगेतला पुढचा माणूस कड्याच्या टोकावर. ती आमच्यासाठी वैनगंगाच होती. दुसरी कोणती असणार?

घरात तोवर जे काही होतं ते मोठ्यांचं होतं. रेडिओ बाबांचा, शिवणयंत्र आईचं, कपाटाची किल्ली आईची, झोपायची वेळसुद्धा त्यांचीच. त्या काचेत मात्र मोठ्यांना प्रवेश नव्हता. बाबांनी एकदा हात घालून पाहिला, माणसं पटापट बुडवली आणि गेम गुपचूप परत दिला. सिंचाई विभागातला माणूस, आणि पाण्याशी त्याची ही गत! आम्ही लोळून हसलो. माझ्या मांडीला मांडी लावून गोपू, त्याच्या केसांना खोबरेलाचा वास, आणि आमच्या अंगठ्यांखाली एक अख्खी नदी. एवढी सुखी मी पुढे क्वचितच झाले.

भानगड झाली ती वेगळ्याच गोष्टीवरून. माणूस पाण्यात पडला की आम्ही ओरडायचो, "मेलो! मेलो!" सगळीच पोरं ओरडतात. पण आमच्या घरात तांदूळसुद्धा कधी संपत नसत, ते 'वाढत'. बांगडी फुटत नसे, तीही वाढायची. अशा घरात ऐन दिवेलागणीला दोन पोरं पायरीवर बसून मेलो-मेलो करतात म्हणजे काय! धुणंभांडं करणाऱ्या अनुसयाने हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. ती लांजीकडची.

"वैनी, पोट्टे काय बोलून राह्यले ते आयका. वास्तू तथास्तु म्हनते न!"

आई बाहेर आली. प्रेमलता तिचं नाव, पण स्वभावात लतेचं काही नव्हतं.

"पुन्हा तो शब्द काढला तर ते डबडं बंबात टाकीन."

"मग पडल्यावर काय म्हणाचं?" गोपूने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"येतो म्हणाचं. माणूस घरून निघाला का काय म्हणते? जातो म्हणते का? येतो म्हणते."

ठरलं. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी मेलं नाही. माणूस पाण्यात पडला की गोपू त्याच्या वतीने बारीक आवाज काढून म्हणायचा, "येतो हं!" सगळा पावसाळा, रोज, पोत्याने 'येतो'. आम्हाला गंमत वाटायची. किती जणांनी शब्द देऊन ठेवला, याचा हिशेब आम्ही कशाला ठेवतोय?

आता थोडं शास्त्र सांगते, म्हणजे पुढचं सांगताना माझ्याविषयी गैरसमज नको. मी नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही. अशा काचेतली प्रत्येक आकृती कारखान्यातच घातलेली असते. वीज मिळाली की ती काळी होते, नाही मिळाली की मावळते. काच तिरकी धरली तर सगळ्या आकृत्यांच्या पुसट सावल्या एकदम दिसतात, आणि मला त्या सगळ्या पाठ होत्या. पण जिथे आकृती घातलीच नाही, तिथे काही म्हणजे काही उमटू शकत नाही.

पोळा होऊन गेल्यावर, गणपतीच्या दिवसांत केव्हा तरी, पलीकडच्या काठावर झाडाखाली मला कोणी तरी दिसलं.

पुसट होतं, पण उभं होतं. मी काच फ्रॉकने पुसली. तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसली. ते तिथेच.

"हा कोण रे?"

गोपूने ढुंकूनही पाहिलं नाही. "येतो म्हणला होता न. आला."

"कोठून आला?"

"पाण्यातून."

मग त्याच्या मागे आणखी एक दिसला. मग आणखी. मला वाटलं काच खराब होऊन राहिली आहे, ओल लागली असेल. पायरीवर बसलो की भाताच्या कोंड्याचा गोडसर वास यायचा, मिलची घरघर ऐकू यायची, छोट्या लाइनची गाडी शिटी मारत गोंदियाकडे जायची, आणि आमच्या हातातल्या काठावर माणसं वाढत जायची. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. झोपेतून उठल्यावर दुपारी जसं जड-जड वाटतं, कोणता वार आहे ते कळत नाही, तसं वाटायचं.

नवरात्रात सेल संपले. बाजारात चैतराम घडीवाला होता, त्याने सेल उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली. "ये तो नागपूर में भी नहीं मिलेगा, बेबी." काचेवरून नाव गेली, कड्यावरची माणसं गेली. झाडाखालची रांग मात्र गेली नाही. उलट ती झाडाच्या मागे वळून काचेच्या कडेपर्यंत पोचली होती, आणि आता सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती. म्हणजे आमच्याकडे.

"काहून उभे आहेत ते?" मी विचारलं.

"नंबर लावून राह्यले. इकडं याचा."

"सगळे येणार?"

"हौ. पण एका वक्ती एकच. इकडून एक गेला का तिकडून एक येते."

"जो गेला तोच?"

गोपूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या वर्गातल्या ढ मुलांकडे पाहत असे. "तो कसा येईन? तो मागं जाऊन उभा राह्यते. पुढचा येते. तू रोज खेळते आन् तुले इतकं समजत नाही, ताई?"

खेळात खरोखर तसंच होतं. एक पडायचा आणि दुसरा पुढे यायचा, आणि आम्ही त्याला तोच समजायचो.

त्याच आठवड्यात अनुसया मागच्या पायरीवर भांडी घासत बसली असताना, तिच्या पाठीमागून कोणी तरी म्हणालं, "आलो." गोपूचा तो बारीक आवाज. ती मान न वळवताच "ये" म्हणाली. मग उठून आत आली तर गोपू आईसमोर पाटीवर बेरजा करत बसलेला. दुसऱ्या दिवसापासून अनुसया पुढच्या दाराने यायला लागली. मागच्या दारात नदीच्या गाळाचा वास होता, एवढंच तिने आईला सांगितलं. आमच्या क्वार्टरपासून नदी चांगली लांब होती.

दिवाळीच्या आधी गोपूला ताप आला. बालाघाटला मलेरिया म्हणजे दरवर्षीचा पाहुणा. यायचा, चार दिवस राहायचा, कोयनेलच्या कडू गोळ्या खायला लावून निघून जायचा. म्हणून कोणी घाबरलं नाही. पण हा ताप डोक्यात चढला. गोपू बरळायला लागला, मग बरळायचाही थांबला. सरकारी दवाखान्यात भरती केलं तेव्हा तो डोळे अर्धे उघडे ठेवून छताकडे पाहत होता आणि हाक मारली तर ओ देत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "शाम तक होश आना चाहिए." नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबा इंजेक्शन आणायला गोंदियाला गेले होते. आई डॉक्टरांच्या मागे मागे गेली. मी स्टुलावर. गोपूच्या मुठीत ते बंद यंत्र. घरून निघताना त्याने सोडलंच नव्हतं. खिडकीतून पिवळा उजेड त्याच्या पायांवर आला होता आणि हळूहळू वर सरकत होता. देवा, हा माझा गोपू आहे, मी मनात म्हणत होते, बाकी सगळं घे, हा माझा आहे.

त्याने डोळे उघडले.

नीट, लख्ख उघडले. माझ्याकडे पाहून हसला.

"ताई, जातो."

"जातो म्हणू नोको!" मी ओरडलेच. "येतो म्हण."

"नाही म्हणत."

"काहून?"

"येतो म्हणलं का रांगेत लागा लागते. लय मोठी रांग आहे, ताई. सगळ्यांच्या मागं. जाऊ दे न मले."

"येतो म्हण, गोपू."

"पाय दुखतीन न."

"येतो म्हण! नाही तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

त्याने विचार केला. माझी कट्टी त्याला कधी सोसायची नाही.

"बरं," तो म्हणाला. "येतो."

बिनसेलच्या यंत्रातून आवाज आला. टूंऽऽ.

त्याची मूठ सुटली. नर्स धावत आली. मला कोणी तरी बाजूला ढकललं, आणि तिने दोन्ही हातांनी गोपूची छाती दाबायला सुरुवात केली. आई दारात उभी होती. ती पुढे आली नाही.

उजेड उशाशी पोचला तेव्हा त्याने श्वास घेतला.

तासाभराने तो उठून बसला. त्याने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, मुलगा नव्या शाळेत पहिल्या दिवशी पाहतो तसं. मग म्हणाला, "भूक लागली." आईने वरण-भात कालवून त्याला पहिला घास भरवला, त्याच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, आणि दुसरा घास केला. मी आनंदाने हमसून हमसून रडले. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आजही तो क्षण पुन्हा आला तर मी तेच करीन. पस्तावा वगैरे मला काही नाही.

घरी आल्यावर पाण्याचा माठ कुठे आहे ते त्याला आठवेना. पूर्वी कारल्याच्या वासाने पळायचा, आता मागून घ्यायचा. डोक्यात ताप गेला की असं होतं, डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच आहे, मी नंतर वाचलंय. पूर्वीपेक्षा फार मायाळू झाला होता. अनुसयाला घागर उचलू लागायचा. ती हात आखडून घ्यायची. गेमकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मी पाहिलं. काच तिरकी धरून पाहिलं. पलीकडच्या काठावरची रांग तशीच होती. सगळ्यात शेवटी, काचेच्या अगदी कडेला, बाकीच्यांच्या कमरेएवढा एक जण होता. मी आईला दाखवलं. तिने यंत्र माझ्या हातातून घेतलं, निरखून पाहिलं, आणि देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवून दिलं. पुढे ती रोज त्याच्यावर एक फूल ठेवायची. पोरगा वाचला म्हणून ठेवत असेल, असं मी धरून चालले. माणूस सोयीचं ते धरून चालतो.

वर्षं गेली. मी नागपूरला स्थायिक झाले. गोपू बालाघाटलाच राहिला, बाबांच्याच विभागात लागला. पुष्पलतासारखी गुणी बायको मिळाली, दोन मुली झाल्या. बाबांचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं, मग आईचं. असा भाऊ शोधून सापडायचा नाही, हे मी जगाला सांगत आले आणि त्यात तसूभर खोटं नाही.

गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. दुपारची वेळ. मी तिच्या पायांना तेल लावत होते, आणि तिने आढ्याकडे पाहत, सुनेचं कौतुक करावं तशा सुरात म्हटलं,

"हा पण चांगलाच निघाला व, सुनीती."

"कोण?"

तिने दाराकडे पाहिलं. चहाचा कप घेऊन गोपू उभा होता. त्याने ऐकलं होतं. मला वाटलं तो हसेल, म्हातारी भ्रमली म्हणून डोळा मिचकावेल. त्याचे डोळे भरून आले होते.

"कधीपासून माहीत आहे तुले, आई?"

"पह्यला घास भरवला तेव्हापासून," आई म्हणाली. "ये. बस इथं."

तो तिच्याजवळ बसला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझ्या तेलाच्या हातांना काय करावं सुचेना.

संध्याकाळी तो मोरीत कप विसळत होता. मी विचारलंच.

"मग आमचा गोपू?"

त्याने मान वर केली नाही. "रडू नोको, ताई. तो उभा आहे. पुढचे सगळे आपापल्या जागी लागले. आता माझ्यामागं नंबर त्याचाच आहे."

आई त्याच आठवड्यात गेली. मी नागपूरला परतले, कॉलेजात शिकवलं, पेपर तपासले. मुलांना आकृत्या कशा उमटतात ते समजावून सांगितलं. माझा आवाज कुठेही कापला नाही.

या श्रावणात पुष्पलताचा फोन आला. गोपूला ताप भरला होता, थंडी वाजून. मी मिळेल त्या बसने निघाले. घरी पोचले तेव्हा मुली शाळेत होत्या, पुष्पलता रात्रभर जागून आत लवंडली होती. खिडकीतून उजेड गोपूच्या पायांवर आला होता. त्याचं कपाळ तव्यासारखं तापलेलं. हाच माझा भाऊ, मी स्वतःला सांगत होते, चाळीस राख्या बांधल्या मी याच्या हाताला. आणि तिकडे तो सहा वर्षांचा, पाय दुखत असतील त्याचे.

मी गोळी काढली. त्याच्या तळहातावर ठेवताना माझा हात थांबला.

फार नाही, एखादा श्वास. गोळी मी दिलीच. पण त्याने ते पाहिलं होतं.

"असू दे, ताई," पाण्याचा पेला उचलत तो म्हणाला. "मले समजते. मी पण उभाच होतो न इतके दिवस, कोणी तरी जाईन म्हणून."